टॉक, स्पीक, से, टेल : ‘बोलणे’ इंग्रजीत नेताना

म्हापशाच्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक मुलगा मोपाच्या विमानतळावरच्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत होता. आधीची नोकरी का सोडली, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं, ‘आय सेड हिम ट्रॉली इज ब्रोकन, ही टॉक्ट मी.’ मला कळलं. तो म्हणत होता, ‘मी त्याला म्हटलं ट्रॉली मोडलीय, तो मला बोलला.’ मराठीत यात पूर्ण गोष्ट आहे. तक्रार केली, उलट आपणच बोलणी खाल्ली. इंग्रजी ऐकणाऱ्याला मात्र यातून काहीच हाती लागत नाही.

गंमत अशी की शब्दकोशात पाहिलं तर प्रत्येक शब्द बरोबर. ‘से’ म्हणजे म्हणणे, ‘टॉक’ म्हणजे बोलणे. मुलाचा दोष एवढाच, की त्याने क्रियापद इंग्रजीत नेलं आणि त्याला चिकटलेला ‘ला’ मागे मराठीतच ठेवला. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून सगळं इंग्रजी, हा गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या मुलांचा नेहमीचा रस्ता. त्या उडीत प्रत्ययाचा हिशेब कोणी करून देत नाही. तो इथे करू.

आधी मराठीतच वाटणी करा

इंग्रजीकडे वळण्याआधी स्वतःला विचारा, मला ‘म्हणायचं’ आहे, ‘सांगायचं’ आहे की ‘बोलायचं’ आहे? ही तीन खणांची पेटी आपल्याकडे आधीपासून आहे. घरात कोंकणी असेल तर तीही तसेच खण करते: म्हणप, सांगप, उलोवप. निम्मं काम इथेच होतं.

‘म्हणणे’ म्हणजे ‘से’. इथे महत्त्व तोंडातून निघालेल्या शब्दांना. ‘ती म्हणाली, मी येते’: ‘शी सेड शी वॉज कमिंग’. कोणाला म्हणाली हे सांगायचं असेल तर ‘टू’ घालावाच लागतो: ‘शी सेड टू मी’. ‘शी सेड मी’ कधीच नाही.

‘सांगणे’ म्हणजे ‘टेल’. इथे ऐकणारा माणूस महत्त्वाचा, म्हणून तो क्रियापदाला लगटून येतो, मध्ये काही नको. ‘टेल मी’, ‘शी टोल्ड हर ब्रदर’. मराठीत नुसतं ‘त्याने सांगितलं की बस गेली’ चालतं. इंग्रजीत ‘ही टोल्ड दॅट’ म्हटलं की वाक्य लंगडतं. कोणाला सांगितलं ते हवंच: ‘ही टोल्ड मी दॅट द बस हॅड लेफ्ट’. माणूस सांगायचा नसेल तर ‘सेड’ वापरा. आणि काम सांगायचं असेल, म्हणजे ‘मला लवकर यायला सांगितलं’, तर ‘ही टोल्ड मी टू कम अर्ली’.

‘टेल’चा जुना अर्थ मोजणे असाही होता. बँकेत पैसे मोजून देणाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात तो तिथूनच, कपडे शिवणाऱ्या टेलरशी त्याचा काही संबंध नाही. ‘टॉक’ हा शब्दही ‘टेल’च्याच गोतावळ्यातला.

राहिलं ‘बोलणे’. ते ‘टॉक’ आणि ‘स्पीक’ या दोघांत वाटलं जातं, त्याकडे पुढे येतो. त्याआधी या पेटीचे खण जिथे जुळत नाहीत त्या जागा पाहून घ्या, कारण तिथेच हुशार मुलंही घसरतात.

खोटं आपण ‘बोलतो’, इंग्रज ते ‘सांगतो’: ‘टेल अ लाय’. खरं बोलण्याला ‘टेल द ट्रुथ’ हेच नेहमीचं, ‘स्पीक द ट्रुथ’ जरा व्यासपीठावरचं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आपण आरती ‘म्हणतो’, पण घुमट या वाद्याच्या तालावर चाललेल्या त्या आरतीला ‘से’ लावता येणार नाही, ती ‘सिंग’. जेवणाआधीची प्रार्थना मात्र ‘से अ प्रेयर’. आणि देवळात नवस ‘बोलतो’ त्याला टॉक, स्पीक, टेल यातलं काहीच चालत नाही. ‘मेक अ व्हाउ’ म्हणावं लागतं. मंगेशीला आलेल्या पाहुण्यांना एकाने ‘पीपल टॉक नवस हिअर’ असं समजावलेलं मी कानांनी ऐकलं आहे. पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी मान डोलावली.

‘टॉक’ की ‘स्पीक’

पुष्कळ ठिकाणी दोन्ही चालतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका. तरी काही जागा एकाच्याच मालकीच्या.

भाषा येणं म्हणजे ‘स्पीक’. ‘आय स्पीक मराठी, कोंकणी अँड अ लिटल पोर्तुगीज’. नोकरीच्या अर्जात ‘आय कॅन टॉक इंग्लिश’ लिहिलंत तर इंग्रजी येत नाही हेच सिद्ध होतं. फोनवरही अनोळखी माणसाशी ‘मे आय स्पीक टू द मॅनेजर?’ आणि आपली ओळख देताना ‘स्पीकिंग’, म्हणजे ‘मीच बोलतोय’. हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करायचं असेल तर हे एक वाक्य पाठच करा. सभेत, कार्यक्रमात, औपचारिक ठिकाणी एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, तिथे ‘स्पीक’.

‘टॉक’ला दुसरा माणूस लागतो, निदान त्याची चाहूल तरी. घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या जागेत, बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी होतात त्या गजाली म्हणजे ‘टॉक’. मूल बोलायला लागलं की ‘द बेबी हॅज स्टार्टेड टॉकिंग’. झोपेत बडबडणं म्हणजे ‘टॉक इन वन्स स्लीप’.

वरिष्ठांकडून ‘वुई नीड टू टॉक’ असा निरोप आला, तर ते चहापाण्याचं आमंत्रण समजू नका. आपल्याकडे घरचे मोठे ‘जरा बोलायचं आहे’ म्हणाले की पोटात गोळा येतो, तसलंच ते. ‘स्पीक’ औपचारिक आणि ‘टॉक’ घरगुती हे सूत्र इथे उलटतं. ‘टॉक’ म्हटलं म्हणजे तुम्हालाही उत्तर द्यावं लागणार, वजन त्यात आहे.

पर्वरीच्या गोवा विधानसभेत ‘स्पीकर’ असतो, म्हणजे सभापती. सभागृहात सगळ्यांत कमी भाषण तोच करतो, मग नाव असं का, असा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. हे पद इंग्लंडचं. तिथल्या सामान्यांच्या सभागृहाच्या वतीने राजापुढे जाऊन बोलायचं काम ज्याच्याकडे, तो स्पीकर. 1377 साली थॉमस हंगरफर्ड यांना हे नाव पहिल्यांदा मिळालं. राजाला नको ते ऐकवणं जोखमीचं होतं. ते काम गेलं, नाव राहिलं.

अबोला धरल्याला इंग्रजीत एकच नेमका शब्द नाही, ही त्या भाषेची गरिबी. बांधावरच्या माडावरून दोन भावांची बोलचाल बंद झाली असेल तर ‘दे आर नॉट स्पीकिंग’ किंवा ‘दे आर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स’. ‘टॉकिंग टर्म्स’ मात्र म्हणत नाहीत.

प्रत्ययाचा हिशेब

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, सावकाश वाचा. मराठीत ‘बोलणे’चा अर्थ त्याच्या आधीच्या प्रत्ययावर फिरतो:

आई माझ्याशी बोलली. आई मला बोलली. आई माझ्याबद्दल बोलली. आई माझ्या वतीने बोलली.

चारही वाक्यांत क्रियापद तेच, पण पहिल्यात गप्पा आहेत, दुसऱ्यात कानउघाडणी, तिसऱ्यात चर्चा आणि चौथ्यात रदबदली. इंग्रजीत प्रत्यय नाहीत, म्हणून ते काम क्रियापदामागून येणारा छोटा शब्द करतो. ‘माझ्याशी’तल्या ‘शी’साठी ‘टॉक टू’. ‘बद्दल’साठी ‘टॉक अबाउट’. वतीने बोलण्यासाठी ‘स्पोक अप फॉर मी’. आणि ‘मला बोलली’ला ‘टॉक टू’ पुरत नाही, कारण त्यातून रागावणं हमखास कळत नाही. तिथे ‘शी गेव्ह मी अ टॉकिंग-टू’ किंवा ‘शी टोल्ड मी ऑफ’. ट्रॉलीवाल्या मुलाला हाच शब्द हवा होता.

मुंबईकडच्या मालिका पाहून आपल्याकडेही ‘मी त्याला बोललो की उद्या ये’ असं सर्रास ऐकू येतं. मला ते खटकतं, पण भाषा माझ्या परवानगीने चालत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की तुमच्या मराठीत ‘सांगितलं’च्या जागी ‘बोललो’ बसलं असेल, तर इंग्रजीत तिथे हटकून ‘टॉक’ येईल आणि चुकेल. तेव्हा आधी वाक्य जुन्या मराठीत करून घ्या: मी त्याला सांगितलं. मग ‘आय टोल्ड हिम’ आपोआप येतं.

‘टॉक टू’ आणि ‘टॉक विथ’ यांत फार फरक करू नका. ‘विथ’मध्ये दोघांनी मिळून बोलल्याची छटा अधिक, आणि अमेरिकेत तो जास्त ऐकू येतो. ‘टॉक अ‍ॅट’ मात्र वेगळं: समोरचा ऐकतो की नाही याची पर्वा न करता त्याच्यावर शब्द ओतणं. ‘टॉक बॅक’ म्हणजे आपलं उलट बोलणं, शब्दाला शब्द. ‘टॉक डाउन टू’ म्हणजे समोरच्याला कमी लेखून बोलणं. परदेशी पर्यटकांना सावकाश, मोठमोठ्याने, तुटक इंग्रजीत समजावताना आपण नकळत तेच करतो. ‘टॉक इट ओव्हर’ म्हणजे बसून बोलून घेणं, पण ‘टॉक ओव्हर समवन’ म्हणजे दुसऱ्याचं बोलणं तोडून आपलं दामटणं. जागा बदलली की भांडण.

‘डिस्कस’लाही बऱ्याच जणांचा ‘अबाउट’ चिकटलेला असतो. तो ‘टॉक अबाउट’वरून चुकून आलेला पाहुणा. ‘वुई डिस्कस्ड द सॅलरी’, बस्स.

‘टॉक मी’ कधी बरोबर?

इतका वेळ ‘टॉक मी’ चूक असं सांगत आलो. आता अपवाद. ‘टॉक’नंतर माणूस थेट येऊ शकतो, पण त्या माणसानंतर ‘इंटू’, ‘आउट ऑफ’ किंवा ‘थ्रू’ यांसारखा शब्द उभा असेल तरच.

‘इंटू’ म्हणजे बोलून बोलून गळी उतरवणं. गोव्यात याचं उदाहरण घरोघरी सापडेल: ‘माय अंकल टॉक्ट मी इंटू वर्किंग ऑन अ शिप’. काका स्वतः तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, त्यांनी पुतण्याला बोटीवर जायला तयार केलं. ‘आउट ऑफ’ याच्या उलट: ‘माय मदर टॉक्ट मी आउट ऑफ इट’, आईने मन वळवून बेत रद्द करायला लावला. दोन्हींनंतर क्रियापद आलं तर ते ‘इंग’चं, म्हणून ‘इंटू वर्किंग’. ‘इंटू वर्क’ नाही. ‘कन्व्हिन्स’ हा शब्द आपण उठसूट वापरतो, त्यापेक्षा हा प्रयोग कितीतरी जिवंत आहे. कोणीतरी बसून, चहा पाजून, तीनदा तेच सांगून मन वळवलं, हे सगळं त्यात येतं.

‘थ्रू’ मुलाखतीसाठी. ‘टॉक मी थ्रू युअर रेझ्युमे’ असं कोणी म्हणालं की रेझ्युमे वाचून दाखवायचा नसतो, आणि पुन्हा द्यायचा तर मुळीच नसतो. माझी एक विद्यार्थिनी फाइल उघडून कागद पुढे करत होती. त्याचा अर्थ, शिक्षण, मग पहिलं काम, मग आत्ताचं, असं क्रमाने आपल्या शब्दांत सांगत न्या. दोन मिनिटं पुरतात.

नाम म्हणून ‘टॉक’: एका ‘अ’चा फरक

‘अ टॉक’ म्हणजे व्याख्यान, पण जरा मोकळं. पणजीत दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नावाने विचार महोत्सव होतो, तिथे वक्ते येऊन देतात ते ‘टॉक’. देतात, म्हणून ‘गिव्ह अ टॉक’. ‘स्पीच’ औपचारिक आणि त्याला ‘मेक’ किंवा ‘डिलिव्हर’ लागतं. लग्नाच्या मेजवानीत नवऱ्याच्या मित्राने ग्लास हातात घेऊन केलेलं ते ‘स्पीच’, कितीही गमतीचं असलं तरी.

‘अ’ काढून टाका, अर्थ बदलला. ‘देअर इज टॉक ऑफ अ न्यू ब्रिज’ म्हणजे नवा पूल होणार अशी बोलवा आहे. खरं-खोटं कोणाला ठाऊक.

अनेकवचन करा, पुन्हा बदलला. ‘टॉक्स’ म्हणजे वाटाघाटी, आपली ‘बोलणी’. वर्तमानपत्राचा हा आवडता शब्द. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटकात चाललेल्या तंट्याचं घ्या. आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्याप्रमाणे, वाटाघाटींनी प्रश्न सुटणार नाही असं केंद्राचं मत झालं की लवाद नेमतात. म्हादईसाठी तो 2010 मध्ये नेमला आणि 2018 मध्ये त्याने निवाडा दिला. म्हणजे इंग्रजीत लवादाआधीचं ते ‘टॉक्स’. लवादापुढे वकील जे करतात त्याला कोणी ‘टॉक्स’ म्हणणार नाही, ते ‘आर्ग्युमेंट्स’.

गंमत बघा, मराठीत ‘बोलणी चालू आहेत’ म्हणजे वाटाघाटी आणि ‘बोलणी खाल्ली’ म्हणजे रागावून घेतलं. इंग्रजीतही ‘टॉक्स’ आणि ‘टॉकिंग-टू’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच शब्दातून तह आणि तंबी दोन्ही काढल्या.

आणि हो, ‘टॉकीज’. भारतात 1931 साली पहिला बोलपट लागला. बोलणारी चित्रं म्हणून इंग्रजीत ‘टॉकी’. मराठीने ‘बोलपट’ हा सुरेख शब्द घडवला आणि थिएटरच्या पाटीवर मात्र ‘टॉकीज’ ठेवला. आज इंग्रजीत थिएटरला ‘टॉकीज’ म्हटलंत तर परदेशी माणसाला कळणार नाही, ‘सिनेमा’ म्हणा. मोबाइलचा ‘टॉकटाइम’ही आपल्याकडच्या अर्थाने बाहेर चालत नाही, तिथे ‘क्रेडिट’ किंवा ‘मिनिट्स’.

उच्चार

‘ल’ मुका. वॉक, चॉक, टॉक. ‘टाल्क’ म्हटलंत तर अंगाला लावायची पावडर आठवते. ‘टॉ’ जरा लांबवा. भूतकाळी रूप लिहिताना शेवटी ‘ड’चं अक्षर असलं तरी उच्चार ‘टॉक्ट’, कारण आधीचा ‘क’ त्याला कठोर करतो. ‘स्पीक’चं ‘स्पोक’ आणि ‘स्पोकन’. ‘स्पीक्ड’ असं रूप नाही.

वाक्प्रचार, मोजकेच

सगळे पाठ करू नका, चार-पाच पुरेत. अनोळखी माणसाशी हवापाण्याबद्दलचं बोलणं म्हणजे ‘स्मॉल टॉक’; गोव्यात पाऊस आणि मासळीचा भाव, दोन्ही चालतात, पगार किती हे चालत नाही. जेवणाच्या टेबलावरही धंद्याचंच बोलणारे ‘टॉक शॉप’ करतात. ‘टॉक फुटबॉल’, ‘टॉक पॉलिटिक्स’ असे विषय थेट, ‘अबाउट’शिवायही येतात. ज्याची बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, तो ‘ऑल टॉक’. पैशाची भाषा सगळ्यांना कळते, हे ‘मनी टॉक्स’.

ज्याचं नाव निघालं तोच दारात उभा राहिला, की आपण म्हणतो, ‘शंभर वर्षं आयुष्य आहे तुला!’ इंग्रज त्याच प्रसंगी म्हणतो ‘टॉक ऑफ द डेव्हिल’. अमेरिकन ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’. आपण आयुष्य देतो, ते सैतान म्हणतात. भाव प्रेमाचाच असतो, तरी साहेबाला म्हणू नका.

सराव

आठवडाभर कदंब बसमध्ये किंवा शुक्रवारच्या बाजारात कानावर पडलेलं मराठी-कोंकणी एक-एक वाक्य वहीत लिहा. म्हणणे, सांगणे की बोलणे ते ठरवा, प्रत्ययाखाली रेघ मारा, आणि मगच इंग्रजी करा. शब्दकोश बंद ठेवून. सुरुवातीला ही सहा घ्या:

बाबा मला काल खूप बोलले. तिने सांगितलं की आज दुकान बंद आहे. मावशीने बोलून बोलून मला नोकरी सोडू दिली नाही. त्यांची बोलणी फिसकटली. तो खोटं बोलतो. साहेबांशी बोलू का?

माझी उत्तरं अशी: ‘माय फादर गेव्ह मी अ गुड टॉकिंग-टू यस्टर्डे.’ ‘शी सेड द शॉप वॉज क्लोज्ड टुडे’. इथे ‘टोल्ड’ हवाच असेल तर कोणाला ते जोडा. ‘माय आँट टॉक्ट मी आउट ऑफ लीव्हिंग द जॉब.’ ‘देअर टॉक्स फेल्ड.’ ‘ही टेल्स लाइज.’ शेवटचं वाक्य कुठे म्हणताय त्यावर आहे: फोनवर ‘मे आय स्पीक टू हिम?’, आणि साहेब समोरच्या खोलीत दिसत असतील आणि रोजची ओळख असेल, तर ‘कॅन आय टॉक टू हिम?’ खुशाल म्हणा.